बायमावशीचा हिरवा फ्रॉक

हसायचं तर माझ्यावर हसा, बायमावशीवर नको. एवढं कबूल असेल तर सांगतो. कारण त्या दिवशी मी जो गाढवपणा केला ना, तो आठवला की अजून कान तापतात!

बायमावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही. गोव्यात मयेला तळ्याच्या अलीकडे एकटीच राहते. मी पेडण्याला कचेरीत कारकून. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधी मोटारसायकल काढायची, मयेला जायचं आणि तिचं घर झाडून द्यायचं, हा माझा दरवर्षीचा नेम.

त्या वर्षी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. उघडून बघतो तर आत फ्रॉक! गडद हिरवा, रेशमी. पाठीवर कापडाने मढवलेली इवली इवली बटणं. मानेपाशी आतून एक लेबल, सोनेरी धाग्यातली परदेशी अक्षरं. मला ती वाचता येईनात. म्हणजे वस्तू भारीच असणार, नाही का?

माझी मुलगी मागे म्हणाली होती, असल्या जुन्या कपड्यांना हल्ली 'विंटेज' म्हणतात आणि शहरातली माणसं त्यावर तुटून पडतात. झालं! मी तिथल्या तिथे फोटो काढला आणि फोनवर टाकला. 'विंटेज डिझायनर ड्रेस, अस्सल परदेशी, विकणे आहे.'

एवढ्यात मावशी केरसुणी घेऊन दारात आली. फ्रॉक बघून थांबलीच.

"कितल्याक विकता रे?" तिने विचारलं. केवढ्याला विकतोस?

"तू बघच गो मावशी! असा भाव येतलो की तोंडात बोट घालशील!"

ती केर काढायला वळली. मी समजलो, म्हातारी खूश.

पुढच्याच रविवारी पणजीहून एक बाई मयेला आल्या. जुन्या कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या. चष्मा साखळीला लावलेला, बोलणं हळू. त्यांनी फ्रॉक मांडीवर घेतला आणि माझं तोंड सुटलं.

"मॅडम, हा थेट लिस्बनहून आलेला. बोटीने!"

"हय रे?" मावशीने चकित होऊन विचारलं.

"तू गप्प बस गो मावशी. मॅडम, कुणा मोठ्या पोर्तुगीज साहेबाच्या बायकोचा होता. नाचाला जाताना घालायची. गोवा सोडताना आमच्या आजोबांना देऊन गेली."

आमचे आजोबा कुळागरात सुपाऱ्या पाडायला पोफळीवर चढायचे. साहेबाच्या बायकोने त्यांना फ्रॉक का म्हणून द्यावा? पण बोललो खरा!

"अरे दिगू, पण..." मावशी पुन्हा.

"मावशी, तुला यातलं काय कळतं? तू चहा टाक."

ती मुकाट्याने आत गेली. तेवढा एक क्षण मला परत मिळाला ना, तर मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेईन.

मॅडमनी फ्रॉक उलटा केला, चष्मा चढवला आणि गालात हसल्या. "लेबलाच्या खाली काय लिहिलंय, वाचलंत? हे पुरुषांचे कोट शिवणाऱ्या शिंप्याचं लेबल आहे."

साहेबाची बायको कोट घालत असेल, असंही सांगून बघणार होतो!

"पण फ्रॉक मात्र..." त्या गळ्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "असा गळा मी कुठेच बघितलेला नाही. सगळी टीप हातची. कोणी शिवलाय हा?"

"असेल हो कोणीतरी साधी शिवणारी," मी म्हटलं.

"हांवें शिवलो."

मावशी चहाचे कप घेऊन उभी होती.

मला एवढंच ठाऊक होतं की मावशी तरुणपणी म्हापशाला 'कामाला' जायची. कसलं काम, मी कधी विचारलंच नव्हतं. ती तिथे एका दुकानात फ्रॉक शिवायची. लग्नांचे, चर्चच्या फेस्तांचे, दुसऱ्या बायकांचे. एकदा स्वतःसाठी एक शिवला. गळा कुठून काढला? परसातल्या पानवेलीचं पान समोर ठेवून. आणि लेबल? एका गिऱ्हाइकाच्या मानेला टोचायचं म्हणून कोटावरून उसवलेलं. दिसायला छान, म्हणून हिने गंमत म्हणून लावलं.

"मग घातला कधी?" मॅडमनी विचारलं.

"घालून वचपाचें खंय? मयेंत?" मावशी हसली. मयेत असलं घालून जायचं तरी कुठे! "एक दीस दुकानाचें दार लावून घेतलें, आरशासमोर घालून पळयलो. मागीर घडी केलो." एकदाच आरशात बघितला, आणि मग घडी घालून पेटीत!

मी म्हटलं, "मग मला अडवलं का नाहीस गो?"

"विचारलें मरे तुका! कित्याक विकता म्हूण. तू भाव सांगूंक लागलो."

कित्याक! म्हणजे कशाला! कशाला विकतोस, असं ती विचारत होती, आणि मी ऐकलं 'कितल्याक'; माझ्या कानात नुसता भाव वाजत होता!

"म्हटलें, भुरग्याक गरज आसतली," ती हळूच म्हणाली. "म्हूण उगी रावलें."

पोराला पैशांची गरज असेल म्हणून ती गप्प राहिली होती! मला कसलीही गरज नव्हती हो!

मॅडमनी फ्रॉक नीट घडी करून मावशीच्या हातात दिला. "हा विकू नका. फक्त फोटो काढू? दुकानात भिंतीवर लावीन." मावशी लाजली, मानेने हो म्हणाली. फोटो झाल्यावर फ्रॉक ठेवायला आत गेली.

मॅडमनी पर्समधून वही काढली. "फोटोखाली लिहायला त्यांचं नाव सांगा."

"बायमावशी."

"अहो, ती तुमची. त्यांचं नाव?"

मी आठवून बघितलं. आई तिला बाय म्हणायची, आम्ही पोरं बायमावशी, शेजारीपाजारीही बायच. बावन्न वर्षांचा घोडा मी, तिच्या हातचं जेवून वाढलेला. शेवटी आत तोंड करून ओरडावं लागलं, "मावशी गो, तुझं नांव कितें?"