हिंमतरावांचे पॉइंट

हिंजवडीत मध्यंतरी कुजबुज होती, की हिंमतरावांनी अमेरिकेत जाऊन घोड्याएवढा एल्क लोळवला, शिंगं विमानतळावर जप्त झाली, आणि तेव्हापासून ते कुणाशी धड बोलत नाहीत. एल्क म्हणजे सांबराचा थोरला चुलतभाऊ समजा.

हिंमतरावांच्या शेतावर कंपन्या उभ्या राहिल्या, पण शिकारी आजोबांच्या गोष्टी डोक्यातून हटल्या नाहीत. इथे शिकारीला बंदी. मग अमेरिकेतल्या पुतण्याने, तेजसने, वाट दाखवली. तिकडे परवान्याची सोडत निघते. नंबर लागला नाही की दर वर्षी एक पॉइंट जमा होतो, आणि जितके पॉइंट जास्त तितका नंबर लवकर.

झालं. हिंमतराव दर वर्षी नंबर न लागल्याचे पेढे वाटू लागले. दम टिकावा म्हणून गुडघा चोळत रोज टेकडी चढू लागले. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणायच्या, "घरात पाल निघाली तरी मला हाक मारता, आन् निघालेत एल्क मारायला."

यंदा तेजसचा फोन आला. "काका, या वेळी गटात अर्ज करू का?"

"कर की. गटात काय, ज्याचा हिस्सा त्याच्याच नावावर ऱ्हातो."

जमिनीच्या गट नंबरात हयात गेलेला माणूस. तो दुसरं काय समजणार? तेजसला ते कळलं, तरी त्याने तसाच अर्ज भरून टाकला.

दिवाळीच्या सुमारास घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. मेलेला एल्क, शिंगं धरून बसलेला कुणी गोरा, आणि मागे दात काढणारा तेजस. हिंमतरावांनी लगेच फोन लावला.

"ह्यो कोण?"

"माझे साहेब. त्यांच्याकडे एकही पॉइंट नव्हता, काका. म्हणून त्यांना आपल्या गटात घेतलं. गटात सगळ्यांच्या पॉइंटांची सरासरी धरतात. तुमच्यामुळे आमचा नंबर लागला."

"म्हंजे माझाबी लागला."

"लागला होता. पण आता सीझन संपला."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमचा गुडघा, व्हिसा... म्हटलं, कशाला दगदग."

"आन् माझे पॉइंट?"

"नंबर लागला की शून्य होतात. पुन्हा जमवू ना."

हिंमतरावांनी फोन ठेवला. भावाने बांध कोरला असता तर मोजणी आणली असती. इथे काय मोजायचं? टेकडी बंद झाली. कुणी विचारलं, "काय हिंमतराव, नंबर?" की ते आत जायचे. मग द्वारकाबाईच सांगायच्या, "लागला, मारला, शिंगं विमानतळावर ठेवून घेतली." घोडा लोकांनी जोडला.

एल्क तेजसच्या साहेबाने मारला. हिंमतरावांच्या पासपोर्टवर एकही शिक्का नाही.