खुर्चीची पाठ

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. आंघोळ घालायची, कपाळाला विभूती लावायची, नवं धोतर नेसवायचं आणि बसवायचं. लोक येतात, हार घालतात, पाया पडतात. न्यायचंही बसवूनच आणि मातीत ठेवायचंही बसवूनच. लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे त्यात भिण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. माझे वडील, अप्पा, गेले तेव्हा त्यांना त्यांच्या रोजच्या सागवानी खुर्चीत बसवलं, आणि तिथं घोळ झाला.

खुर्चीची पाठ बुटकी. अप्पांच्या खांद्याखालीच संपणारी. अंग कापडाच्या पट्टीनं बांधता आलं, पण डोकं बांधायला मागे काही नव्हतं. मान डावीकडे कलायची. सरळ केली की परत कलायची. कुणीतरी उशी लावली, तीही घसरली. शेवटी माझा भाऊ खुर्चीमागे उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हातांनी अप्पांचं डोकं धरून ठेवलं. मोहोळहून नातलग यायचे होते, तोवर तो तसाच उभा. येणारा प्रत्येक जण आधी अप्पांकडे बघायचा आणि मग त्याच्या हातांकडे.

त्यानंतर ती खुर्ची मागच्या मोरीशेजारी गेली. टाकवत नव्हती आणि घरात ठेवायलाही कुणी तयार नव्हतं. कपडे वाळत घालायला गेले की मी तिच्याकडे पाठ करून उभी राहायचे. आपल्याच घरात, सोलापूरच्या भवानी पेठेत भर दुपारी, एवढी मोठी बाई एका खुर्चीला घाबरते, याचा मला संताप यायचा. पण खरी भीती वेगळीच होती. अप्पांना आठवायला गेलं की बशीत चहा ओतणारे, पेपरातल्या बातमीवर तावातावानं बोलणारे अप्पा येतच नसत. ते बसवलेले अप्पाच समोर येत, भावाच्या हातांसकट.

इकडे अव्वाचे, म्हणजे माझ्या आईचे, गुडघे गेले. खाली बसायचं नाही, हात असलेली भक्कम खुर्ची घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठताना ती एकदा पडता पडता वाचली. म्हणून मे महिन्यात मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागल्यावर मी ठरवलं की हीच खुर्ची खरवडून नवी करायची. अव्वा तिच्यावर बसली, जेवली, टीव्हीसमोर पेंगली की ती परत साधी खुर्ची होईल आणि बशीत चहा ओतणारे अप्पाही मला परत मिळतील. मला एवढंच पाहिजे होतं.

"ब्याड," अव्वा म्हणाली. नको म्हणायचं झालं की तिची कन्नड बाहेर येते. "ब्याड गं, राहू दे तिथंच."

मी ऐकलं नाही. मोबाईलवर बघून बघून सगळं शिकले. वरचा चॉकलेटी ऑइलपेंट उतरवला, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. सोलापूरचं ऊन असं की नऊनंतर लाकडाला हात लावायची सोय नाही, म्हणून सकाळीच बसायचे. पाठीच्या नक्षीतल्या खाचांमधून पांढरी पूड निघायला लागली. भेगा बुजवायला भरलेली जुनी लांबी असेल, असं मी स्वतःला बजावलं आणि ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. वाळल्यावर खाचा परत पांढऱ्या. दुसऱ्या दिवशी टूथब्रशनं घासल्या, तरी पांढऱ्याच. त्या दिवशी मी काम तिथंच सोडून घरात आले आणि हात तीनतीनदा धुतले. हाताला वास विभूतीचाच येत होता. मनाचे खेळ असतील, पण येत होता.

अव्वा दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बघायची. मग एका सकाळी आपणहून म्हणाली, "पाठ उंच कर की."

"कशाला?"

"डोकं टेकाय बरं. म्हातारं माणूस हाय मी."

मला केवढा आनंद झाला! ती बसणार होती! मी जुन्या पलंगाच्या उशाची फळी सुताराकडून कापून आणली, सरस लावून, मागून लाकडी पट्ट्या आणि स्क्रू मारून पाठीवर चढवली. तिनं सांगितल्याप्रमाणे फळी आणि पाठ यांच्यामध्ये दोन बोटांची फट ठेवली. फट कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ठेव म्हणलं की ठेवायचं." वारा लागायला असेल, असं मी धरून चालले. वेताची बैठक नवीन विणून आणली, लाखेच्या पॉलिशचे हात दिले, वर सोलापुरी चादरीची घडी घातली आणि खुर्ची घरात आणली.

अव्वा सावकाश बसली. डोकं फळीला टेकवलं. मग पदर खांद्यावरून मागं नेऊन तिनं तो हातानं चाचपत फटीत सरकवून बघितला.

"आता बरं हाय," ती म्हणाली. "पट्टी हितनं मागं जाईल. पोराला उभं राहाय लागायचं न्हाय."

मला भयंकर राग आला. मी इतके दिवस घासून घासून जे काढत होते, तेच तिनं माझ्याच हातानं खुर्चीत पक्कं बसवून घेतलं होतं. मी ओरडले, रडले. फळी आत्ता उपसून टाकते म्हणाले.

"रडतीस कशाला," ती शांतपणे म्हणाली. "त्या दिशी त्याचे हात लई थरथरत होते. तू अप्पाकडं बघत होतीस. मी त्याच्याकडं बघत होते."

फळी तशीच आहे. अव्वा आता रोज त्याच खुर्चीत बसते, चहा घेते, शेंगा सोलते, दुपारी मालिका लावून झोपी जाते. पाठ मी चांगली बसवली आहे. झोपेत तिची मान जरासुद्धा कलत नाही, त्यामुळे लांबून काही कळत नाही. मी कणकेच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात येते आणि हाक मारते, "अव्वा." ती डोळे न उघडता "काय गं" म्हणेपर्यंत माझ्यानं तिथून हलवत नाही.