हात लावला की नोंद

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ड्रॉवरमध्ये वायरी साचतात तसे ते साचतात. एक शोधायला जावं, तर गुंतलेल्या दहा हातात येतात. कोलकात्याच्या आमच्या ऑफिसातले माझे सगळे किस्से मात्र एकाच डबीतून निघाले. ती डबी म्हणजे डॉकिंग स्टेशन! टाइप-सीची एक केबल लॅपटॉपला लावायची; स्क्रीन, इंटरनेट, चार्जिंग, सगळं त्या एका वायरीतून. मी इथला आयटीवाला; हे डॉक घ्यावेत ही शिफारस माझी. डॉक आले तेव्हा लोकांचे जुने चार्जर गोळा करून परत पाठवले, तेही मीच. त्यानंतर दिवसभर एकच हाक: "पाटीलदा, चार्ज होत नाही!"

बायको आणि साडेतीन वर्षांची लेक पुण्यात, मी इथे. पुण्याच्या ऑफिसात जागा निघाली, तेव्हा आमचे साहेब घोषबाबू म्हणाले, "जा की! पण हे डॉकचं लफडं निस्तरून जा. तक्रारवही सलग पाच दिवस कोरी दिसली, की तुझी बदली मंजूर." वर त्यांचा एक नियम होता. दुरुस्तीसाठी मी ज्या डॉकला हात लावीन, त्याची वहीत नोंद, कारणासकट. ही अट अख्ख्या मजल्याला पाठ होती, कारण मी ती रोज सगळ्यांना ऐकवत होतो.

*

पहिली तक्रार मित्रादींची. मित्रादी म्हणजे मित्राताई, आमच्या एचआरमधल्या. "रोज दुपारी दीड ते अडीच चार्जिंग बंद. बरोब्बर एक तास!"

मी केबल बदलली. डॉक बदलला. लॅपटॉप अपडेट केला. दुसऱ्या दिवशी दीड वाजता पुन्हा बंद.

तिसऱ्या दिवशी डबा न खाता तिथेच दबा धरून बसलो. दीड वाजला. शेजारचे दासदा, अकाउंट्समधले सगळ्यात जुने, जेवायला उठले आणि जाता जाता भिंतीवरची सगळी बटणं खटाखट बंद करून गेले!

"दासदा, हे काय?"

"लोडशेडिंगच्या काळातला माणूस आहे मी," दासदा म्हणाले. "उठलो की बटण बंद. घरी बायकोही हेच विचारते, 'मी टीव्ही बघत असतानाच का?'"

वहीत कारण लिहिलं: दासदा.

*

मंडलदा रोज सियालदहपर्यंत लोकलने येतात आणि गाडीतच झालमुडी, म्हणजे तिखट सुकी भेळ, खातात. पुडी एका हातात, लॅपटॉपची बॅग मांडीवर. एके दिवशी त्यांच्या लॅपटॉपमध्ये केबल पूर्ण आत जाईना.

मी टॉर्च मारला. आत काहीतरी होतं. लाकडी टूथपिकने हळूच कोरलं, तर शेंगदाण्याचं साल बाहेर आलं. मग चुरमुऱ्याचा तुकडा. मग हिरव्या मिरचीची एक अख्खी बी!

मंडलदा खाली वाकून बघत होते. म्हणाले, "आणि मी त्या मुडीवाल्याशी भांडलो, की आज कमी दिलीस म्हणून!"

*

डिझाइनमधल्या रियाचा लॅपटॉप दांडगा. तो डॉकला लावला की चार्जिंगचं चिन्ह दिसायचं, पण बॅटरीचे टक्के उतरतच जायचे. "दादा, हा खोटं बोलतोय!" ती म्हणाली.

मी समजावलं, की खोटं नाही. डॉक जेवढी वीज देतो, त्यापेक्षा जास्त हा खातो. तुला मोठा अडॅप्टर आणि मोठा डॉक मागवावा लागेल.

दासदा बेहाला या उपनगरातले. ते मागून म्हणाले, "कळलं! आमच्या घरच्या टाकीसारखं. पंप चालू असतो, आणि सून त्याच वेळी कपडे धुवायला काढते!"

*

मधल्या काळात घरी फोन करावा, तर लेक विचारायची, "बाबा, आज किती जणांचं चार्जिंग झालं?" मी आकडा सांगायचो. एकदा म्हणाली, "मग आता सगळ्यांचं झालं ना? ये की!" फोन ठेवल्यावर मला कुणाशी बोलावंसं वाटेना. मित्रादींनी चहा आणून ठेवला.

*

आणि मग तो आठवडा आला. सोमवार, वही कोरी. मंगळवार, कोरी. बुधवारी मंडलदांनी स्वतःहून टूथपिक वापरली आणि मला दुरूनच अंगठा दाखवला. कोरी!

गुरुवारी विश्वकर्मा पूजा. बंगालात त्या दिवशी यंत्रांची पूजा होते आणि त्यांना कामाला लावत नाहीत. सगळे डॉक केबली काढून लाल कापडावर ओळीने मांडले. लॅपटॉप बॅटरीवर तसेच चालू पडून राहिले. वही कोरी राहणार हे नक्की, म्हणून मी भलताच खुशीत होतो.

"यंत्रांचा माणूस तू," दासदा म्हणाले. "टिळा तूच लाव."

घरी दसऱ्याला शिलाई मशीनपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना कुंकू लावणारा मी! वाटीत कुंकू चांगलं ओलं केलं आणि प्रत्येक डॉकला अनामिकेने ठसठशीत बोट लावलं. बरोब्बर मधोमध. घोषसाहेबांच्या डॉकला जरा जास्तच. मग सगळ्यांनी खिचडी खाल्ली.

शुक्रवारी सकाळी माझ्या डॉकला केबल लावली. दिवा लागेना. वाकून बघितलं, तर डॉकच्या मधोमध जे भोक असतं ना, लॅपटॉपच्या केबलचं, ते लालभडक! कुंकू आत जाऊन वाळलं होतं. बोट तर मी सगळ्यांनाच लावलं होतं!

दासदांकडे धावलो. लॅपटॉप मिटलेला, दासदा पेपर वाचत होते.

"दासदा, चार्जिंग?"

"एकदम फर्स्ट क्लास," पेपर खाली न करता म्हणाले.

मंडलदा कॅल्क्युलेटर घेऊन कागदावर बेरजा करत होते. रिया वहीत पेन्सिलीने चित्र काढत होती. मित्रादी हाताने पत्र लिहीत होत्या. त्यांचा स्क्रीन काळाकुट्ट.

मी कापूस आणि स्पिरिट घेऊन त्यांच्या डॉकपाशी वाकलो.

"खबरदार हात लावलास तर!" मित्रादी हळू आवाजात म्हणाल्या. "हात लावलास की लिहावं लागेल."

मी कापूस खिशात ठेवला. दिवसभर एकही हाक आली नाही. त्या ऑफिसात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

साडेपाचला घोषसाहेब केबिनमधून बाहेर आले. हातात माझा बदलीचा अर्ज. वही मागितली, पान उलटलं, पुन्हा मागचं पान बघितलं. मग चष्म्यावरून सगळ्या मजल्यावर नजर फिरवली. दासदांनी पेपर आणखी वर केला.

"काही तक्रार नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी पेन काढायला खिशात हात घातला. पेनाबरोबर रुमालही बाहेर आला. पांढराशुभ्र रुमाल, आणि त्याच्या कोपऱ्यावर लाल डाग.

"मंजुरी खरं तर सिस्टीममधून द्यायची असते," साहेब म्हणाले. "आज हाताने देतो."