भिंतीवरचे डायरेक्टर आणि आमच्या बाई

बाईंना किळस आली की ती लपायची नाही. आधी नाक, मग खालचा ओठ, आणि मग भर सभेत, अस्सल मराठीत, "शी!" जर्मन मंडळींना वाटायचं बाई शिंकल्या. कुणीतरी लगेच शिंकेवरचं "गेझुंडहाइट" म्हणून मोकळं व्हायचं.

पुण्याच्या बाई जर्मन नवऱ्याबरोबर इथे जर्मनीतच मुरल्या होत्या आणि आमच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे त्याच विभागात चिकटलो. आम्हा मराठी पोरांना त्या घरी बोलावून साबुदाण्याची खिचडी घालत, आणि बीकर नीट धुतला नाही तर तितक्याच मायेने फाडून खात.

विभागाच्या मोठ्या हॉलमध्ये एका जुन्या डायरेक्टरांचं तैलचित्र आहे. नाझींच्या काळात या गृहस्थांनी हाताखालच्या एका ज्यू अध्यापकाला हाकललं आणि त्यांची प्रयोगशाळा बळकावली. ते अध्यापक छळछावणीत मारले गेले. त्यांच्या नावाची पितळी पाटी आहे, तळघराच्या जिन्यात, सायकली लावतात तिथे. बाई त्यांना "आमचे सर" म्हणत. "मी त्यांच्या लॅबमध्ये शिकवते. मग माझे सर कोण?"

दर जानेवारीत ज्यू बळींची स्मृतिसभा त्याच हॉलमध्ये होते. कार्यालयाने तोडगा काढलेला: तैलचित्रावर सभेचा बॅनर सोडायचा. वर 'पुन्हा कधीच नाही' अशी ठळक अक्षरं आणि मागे डायरेक्टर. भाषणं, व्हायोलिन, मौन. मग बॅनर गुंडाळायचा, कारण वाइनची टेबलं त्याच भिंतीला लागायची. मोकळ्या झालेल्या डायरेक्टरांखाली उभे राहून लोक ब्रेत्सेलचे खारे पाव मोडत आणि स्कीच्या सुट्टीबद्दल बोलत.

बाई दर वर्षी चित्र उतरवायला सांगत. उत्तर ठरलेलं, कमिटी नेमली आहे. "सरांना हाकलायला एक दुपार पुरली," बाई म्हणत, "आणि ह्या मेल्याला उतरवायला कमिटी!"

एकदा विभागाने बाईंनाच भाषणाला बोलावलं. परदेशी चेहरा फोटोत बरा दिसतो. बाई म्हणाल्या, "येईन. आधी तो उतरवा."

"फ्राऊ प्रोफेसर, तो आपल्या इतिहासाचा भाग आहे," विभागप्रमुख हसून म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून त्याला जिन्यात लावा आणि सरांना वर आणा."

पुन्हा त्यांना कुणी बोलावलं नाही. निवृत्तीचा समारंभही त्याच हॉलमध्ये ठरला. बाई गेल्या नाहीत. त्या संध्याकाळी घरी आम्हाला श्रीखंड-पुरी वाढत होत्या.

गेल्या शरदात स्टुटगार्टला, लेकीच्या घराजवळच्या हॉस्पिटलमध्ये त्यांना शेवटचा भेटलो. आवाज पार खोल गेला होता.

"उतरवला का रे?"

हो म्हणालो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. पण बाईंशी खोटं बोलवेना. "नाही, बाई."

"मग माझी शोकसभा तिथे नको. एवढं सांभाळ."

थोड्याच दिवसांत बाई गेल्या. विद्यापीठातून फोन आला, शोकसभेसाठी हॉल राखून ठेवलाय. मी तैलचित्राची अडचण सांगितली. पलीकडून अगदी मऊ आवाजात उत्तर आलं, "त्याची काळजी नको. तासाभरापुरतं झाकतो ना आम्ही. या वेळी फ्राऊ प्रोफेसरांचाच फोटो मोठा करून त्यावर लावतोय."

जर्मनमध्ये नाही म्हणालो. मराठीत जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शोकसभा आम्ही तळघराच्या जिन्यात घेतली, सायकली बाजूला सारून, सरांच्या पाटीसमोर.