फलकाखालचं थोटूक

मी पदवीधर झालो तो आमच्या गावच्या बागेतल्या माळीचाचांमुळे. आई-वडिलांनी कष्ट करून वाढवलं, पण एका खोलीत आम्ही सहा जण, पुस्तक उघडायला जागा नव्हती. बाग दुपारी बंद असायची. तेव्हा चाचा मागचं फाटक उघडून मला आत घेत आणि गुलमोहराखालच्या बाकावर बसवत. "बेटा, तू वाच. कोण काय म्हणलं तर म्या हाय." तीन वर्षं मी त्या बाकावर अभ्यास केला.

संध्याकाळी बाग उघडली की गावचे एक पुढारी चार-पाच माणसं घेऊन येत. सगळे त्यांना मालक म्हणत. त्यांची बैठक गुलाबाच्या वाफ्यापाशी. सिगारेट संपली की थोटूक वाफ्यातच खुपसायची त्यांची सवय. चाचांना दमा होता. एकदा खोकत खोकत, हात जोडून ते म्हणाले, "मालक, जरा भिंतीकडं बसा की. लेकरं खेळत्यात हितं."

मालकांनी लांब झुरका घेतला आणि धूर चाचांच्या तोंडावर सोडला. "बाग काय तुझ्या सासऱ्यानं दिली व्हय रं? उचल ती थोटकं. हातानं उचल, खराटा नको."

चाचा वयानं त्यांच्याहून मोठे. गुडघ्यावर बसून त्यांनी एकेक थोटूक मातीतून काढलं आणि टोपीत गोळा केलं. मालकांची माणसं हसत होती. मी दहा पावलांवर होतो. पुस्तकात मान घालून तसाच बसून राहिलो.

त्याच महिन्यात चाचांनी काम सोडलं आणि ते तेर गावाला लेकीकडं राहायला गेले. पुढं मला ही बाग सांभाळणाऱ्या नगरपालिकेतच लिपिकाची नोकरी लागली. नोकरीचा आनंद होताच, पण त्या टोपीतली थोटकं मी विसरलो नव्हतो.

गेल्या वर्षी बागेत धूम्रपानबंदी करायचं ठरलं आणि ठरावाचा मसुदा लिहायचं काम माझ्याकडं आलं. नियम मी मन लावून लिहिले. शेवटचा माझ्या पदरचा: ज्याने थोटूक टाकले, त्यानेच ते हाताने उचलावे. सभेत कुणी कागद वाचला नाही. ठराव मंजूर झाला.

मग फलक करायचा होता. आमच्याकडं पाण्याची टाकी असो की मुतारी, फलकावर 'संकल्पना' म्हणून कुणाचं तरी नाव आणि फोटो लागतोच. निवडणूक तोंडावर होती. मी मुद्दाम मालकांच्या घरी गेलो.

"मालक, बागेतल्या नव्या फलकावर संकल्पना म्हणून तुमचं नाव टाकावं म्हणतो."

"फोटो केवढा?"

"माणसाएवढा."

"मग टाक की! इचारतो काय?"

फलक कशाचा, हे त्यांनी विचारलंच नाही.

उद्घाटनाला मालकांनी नारळ फोडला, पडदा ओढला. मी नियम मोठ्यानं वाचून दाखवले. मालकांनी आरोग्यावर भाषणही ठोकलं. टाळ्या झाल्या, लोक चहाकडं वळले आणि मालक सवयीनं गुलाबाच्या वाफ्यापाशी गेले. सिगारेट पेटवली. मी लगेच टोकलं नाही. टोकलं असतं तर त्यांनी विझवून खिशात घातली असती. थोटूक वाफ्यात खुपसेपर्यंत मी थांबलो. मग दंडाचं पावतीपुस्तक घेऊन समोर उभा राहिलो.

"मालक, पहिली पावती तुमच्या नावची."

"डोकं फिरलं का रं? कुणाशी बोलतो?"

"ज्यांची संकल्पना हाय, त्यांच्याशी."

कुणीतरी खिदळलं. मोबाइल वर झाले. मागून एक म्हातारी म्हणाली, "उचला की मालक, तुमचाच फोटू बघायलाय तुमच्याकडं."

त्यांचा एक माणूस वाकायला लागला. मी हात आडवा घातला. "ज्यानं टाकलं त्यानंच. हातानं."

मालकांनी मोबाइलांकडं पाहिलं, पोट सावरत गुडघ्यावर बसले आणि थोटूक उचललं. पांढऱ्या विजारीला ओली माती लागली.

"अजून दोन हायत, मालक."

तीही त्यांनी उचलली.

त्याच संध्याकाळी मी तेरला पत्र टाकलं:

"चाचा, सलाम. पत्र ताईंकडून वाचून घ्या. बागेत आता धूर नाही. ज्यांनी तुम्हाला थोटकं उचलायला लावली, त्यांनी आज त्याच जागी, तसंच गुडघ्यावर बसून तीन उचलली. त्यातलं एकच त्यांचं होतं. बाकीची दोन मी सूड म्हणून उचलायला लावली. तुम्हाला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, 'जाने दे बेटा, तू पढ.' मी शिकलो, चाचा, पण जाऊ दिलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. मालक आता मला त्रास देतील, देऊ देत. तुम्ही एकदा सकाळच्या गाडीनं या. मी स्टँडवर थांबतो. काम काही करायचं नाही, नुसतं गुलमोहराखालच्या बाकावर बसायचं. त्या दिवशी मी मान वर केली नाही, त्याची माफी मला तिथंच मागायची आहे. तुमचा बेटा."