जयराम पाडेलीची कोयती

गोव्यातल्या आमच्या चोपडे गावात नारळ पाडणाऱ्याला पाडेली म्हणतात. शेजारचा जयराम पन्नास वर्षे पाडेली होता. बोलायचा कमी, वर राहून राहून जमिनीवरच्यांशी बोलायची सवयच गेली असावी. कमरेला बापाची कोयती, मूठ झिजून त्याच्या हाताच्या मापाची झालेली. गुडघे गेले आणि कोयती खुंटीला लागली, तरी दर सोमवारी तिला धार लावायचा. ती कोणाच्या हाती जाणार, एवढीच त्याला काळजी.

मुलगा गौरेश. त्याचे धारगळला हमरस्त्यावर हॉटेल. मुलगी सुविधा गावातच दिलेली. ती सरकारी शिबिरात यंत्रावरून माड चढायला शिकली आणि बाजारातल्या कोयतीने नारळ पाडते. आमच्या गोव्यात घर, माडांचे भाट मुलीलाही सारखे वाटून येते. पण कोयती मुलीला दिलेली मी तरी ऐकली नव्हती.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्याआधी गौरेश कोयती घेऊन गेला. "जरा चकचकीत करून हाडतां," म्हणाला. आणली ती व्हार्निश मारून, मुठीवर स्क्रूने पितळेची पट्टी बसवून. पट्टीवर इंग्रजी शब्द, एअरलूम. कोयती त्याला हॉटेलच्या भिंतीवर टांगायची होती.

जयरामने पात्यावरून अंगठा फिरवला. "धार खंय गेली रे?"

"घासून काढली. गिऱ्हाइकाक लागली तर?"

पूजा बोथट कोयतीचीच झाली.

माझी शाळा तिसरीपर्यंत. घरी येऊन नातीला, समीक्षाला विचारले, हा शब्द म्हणजे काय गे? तिने मोबाईलमध्ये बघितले. "आजी, एअर म्हणजे वारस. लूम म्हणजे आता विणकराचा माग, पण जुन्या इंग्रजीत कसल्याही अवजाराला लूम म्हणत. वारसाकडे जाणारे अवजार ते एअरलूम. दागिने, फुलदाण्या मागाहून शिरल्या त्यात."

म्हणजे सायबांकडेही आधी कोयत्याच होत्या तर. मी कुंपणापाशी जाऊन जयरामला सांगितले.

तो म्हणाला, "म्हणजे वयनी, भिंत काय वारस न्हय."

"भिंतीला चढता येते का माडावर?" मी म्हटले.

दसऱ्याला सकाळी त्याने स्क्रू काढले आणि पट्टी गौरेशच्या हातात दिली. "ही लाय तुझ्या भिंतीर. कोयती सुविधाक."

"बाबा, लोक हांसतले. चेडू आणि कोयती!"

"हांसूं दी. नारळ पडल्यार गप्प जातले."

मग सुविधाला बोलावले. ती पाणी घालत होती, तो दगडावर पाते घाशीत होता. धार यायला दुपार झाली.

"बाबा, मूठ माका मोठी जाता."

"झिजतली. घाय कित्याक?"

ती माझ्याच माडावर चढली. पन्नास वर्षे वर काढलेल्या माणसाला खाली कुठे उभे राहायचे ते ठाऊक नव्हते. तो नेमका माडाच्या बुंध्याशी, मान वर करून.

"बाबा, बाजूक सर!" वरून हाक आली.

सरला.