वाटीतले पाच स्क्रू

हे गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. जुना टीव्ही गेम आणायला हे करमाडला गेले होते आणि तिथंच बसथांब्यावर कोसळले. मी आधी समोरच्या उघड्या गेमचे पाचही स्क्रू वाटीत ठेवले, हरवू नयेत म्हणून... मग रडले. दोन महिने झाले त्याला.

पुंडलिकनगरच्या आमच्या पुढच्या खोलीत जुने गेम हेच दुरुस्त करायचे, असं सगळे म्हणतात. ते गेम मला मनापासून आवडायचे. जाड प्लास्टिक, आतून उभ्या पट्ट्यांचा आधार, बटणाखाली रबराची गादी. पोरांनी आपटून आपटून खेळावं, हे धरूनच कुणीतरी बनवलेले. आताच्यासारखं गोंदानं चिकटवलेलं नाही, पुन्हा उघडता यावं म्हणून स्क्रू. पण ह्यांचा हात जड. स्क्रू इतका पिळायचे की तो ज्यात बसतो तो आतला प्लास्टिकचा खांब तडकायचा. एकदा असेच तीन खांब गेले तेव्हा मी हळूच म्हटलं, "बरणीचं झाकण बसत नसलं तर आधी उलटं फिरवतात. टक् करून जुन्या आट्यात उतरलं की मग सुलटं."

"आता बरणीवाली बाई मला शिकवणार व्हय?" असं म्हणून हसले. पण दुसऱ्या दिवशी गेम माझ्यापुढं सरकवला. "तूच बसव. लोकांपुढं बोलू नको, हसतील."

तेव्हापासून उघडणं, धुणं, गाद्या बदलणं, बंद करणं सगळं माझ्याकडं. ह्यांचं काम एकच. गेम आला की आधी झाकणाच्या आत सुईनं स्वतःचं नाव कोरायचं. कारागिराची सही म्हणायचे. सही आधी, दुरुस्ती नंतर. मलाही नाव लिहिता येतं, चौथीपर्यंत शिकलेय. पण सुई कधी माझ्या हातात आली नाही, आणि मीही मागितली नाही.

मागच्या आठवड्यात जुने गेम जमवणारा एक माणूस आला. त्यानं एक उघडला, प्रत्येक खांबावर बोट फिरवलं. "एकही आटा फाटलेला नाही. काय हलका हात होता हो काकांचा!"

"बाबांचा हात तसाच होता," संदीप म्हणाला. माझा मुलगा. लहानपणी मी कामाला बसले की माझ्या मांडीला टेकून बसणारा. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली... मी चहाचे कप पुढं केले.

"आणि हा?" त्या माणसानं टेबलावरच्या उघड्या गेमकडं बोट केलं.

"तो राहिलाच. आता कोण करणार?" संदीप म्हणाला.

तो गेम अजून तिथंच आहे. झाकणाच्या आत ह्यांचं नाव आहे, हे गेले त्या दिवशी सकाळीच कोरलेलं. काम झालेलं नाही. मी रोज धूळ पुसते, वाटीतले पाच स्क्रू मोजते आणि वाटी परत ठेवते.